नळाला धार का येत नाही?

उन्हाळा लागला की विहीर असलेल्या घरांतून एक तक्रार हमखास येते. "मोटर चालू आहे, आवाजही करते, पण धार करंगळीएवढी. एकाऐवजी दोन हॉर्सपॉवरची बसवू का?" थांबा. पैसे घालण्याआधी दोष कुठे आहे ते शोधू.

पाणी आधी विहिरीतून गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग टाकीतून नळाला येतं. यातल्या कुठल्या टप्प्यात अडतंय, ते बादली आणि घड्याळावर कळतं. टाकीत पडणाऱ्या धारेखाली दहा लिटरची बादली धरा. वीस सेकंदांत भरली, तर मिनिटाला तीस लिटर. हा आकडा पंपाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघायला लागतो. टाकी पूर्वीसारखीच भरत असेल, तर पंपाला दोष देऊ नका.

मग नळाकडे या. एकाच नळाला धार नसेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढा. आपल्याकडचं विहिरीचं पाणी बरेचदा जड असतं, पांढरा थर जाळीत बसतो; लिंबाच्या रसात भिजवली की सुटतो. सगळेच नळ मंद असतील तर टाकीखालचा व्हॉल्व्ह किंवा आतून गंजलेला जुना लोखंडी पाइप बघा. आणि वरच्या मजल्यावरच्या शॉवरकडून फार अपेक्षा ठेवू नका. टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा एक किलो दाब मिळतो. तुमची टाकी शॉवरपासून जेमतेम दोन मीटर वर असते.

टाकीच सावकाश भरत असेल, तर दोष विहिरीच्या बाजूला. काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो पाइपात पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला फार तर दहा मीटर पाणी चढवतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच. महाबळेश्वरसारख्या उंचीवर त्याहून कमी. एप्रिलमध्ये पाणी त्याखाली गेलं, तर पाच हॉर्सपॉवरची मोटरही ते उचलणार नाही. पंप खाली उतरवा, नाहीतर पाण्यात बुडणारी सबमर्सिबल घ्या.

पाणी भरपूर आहे आणि तरी धार नाही? मग संशय पाइपाच्या तळाच्या झडपेवर, फूट व्हॉल्व्हवर, म्हणजे आपल्या 'फुटबॉल'वर. मोटर बंद करून तासाभराने पंपात पाणी भरायचं बूच उघडा. आत पाणी उरलं नसेल, तर झडपेखाली काडीकचरा अडकलाय किंवा तिचं रबर गेलंय. त्यासाठी विहिरीत उतरू नका, पाइप वर ओढून घ्या. फुटबॉल ठीक असेल तर सक्शनचे, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचे, सांधे बघा. इथली गळती फसवी असते. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे ओल कुठेच दिसत नाही. टाकीत पडणारी धार मात्र दुधाळ, फुगेवाली दिसते.

संध्याकाळीच धार मंदावते, असं असेल तर व्होल्टेज मोजून घ्या. २३० ऐवजी १८० मिळालं, तर मोटरीचा जोर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो आणि ती तापते. नुसती गुणगुणते, फिरत नाही, तर बहुधा कंडेन्सर बदलायला हवा. पण तो बंद मोटरीतही झटका देतो, तेव्हा ते काम वायरमनचं. थ्री फेजची मोटर दुरुस्तीनंतर कमी पाणी देऊ लागली, तर ती बहुधा उलटी फिरतेय.

बोअरवाल्यांसाठी थोडं. धार थांबून थांबून येत असेल, तर झरे उपशाला पुरत नाहीत. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा, मोटर टप्प्याटप्प्याने चालवा. धार एकसारखी पण बारीक असेल, तर मोटर चालू असताना बोअरच्या तोंडाशी कान द्या. आत पाणी कोसळल्याचा आवाज आला, तर पाइप फाटलाय किंवा कपलिंग सैल झालंय. मोटर वर काढावी लागेल. ती काढणाऱ्यांकडूनच काढून घ्या, आणि पाइप वर येत असताना शेजारी उभे राहून प्रत्येक कपलिंग स्वतः तपासा.