यकृताचे प्रत्यारोपण आणि रक्ताची साक्ष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वारजे येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या आनंदाच्या दिवशी दुखण्याचा विषय काढतो, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. परंतु यकृताच्या विकाराची वार्ता आता आपल्या घराघरांतून ऐकू येते. केवळ मद्यपानानेच यकृत बिघडते, हा समज खरा नव्हे. काविळीचे ‘ब’ आणि ‘क’ विषाणू, मधुमेह आणि स्थूलता यांमुळेही ते हळूहळू निकामी होते. अखेरीस उपाय उरतो तो प्रत्यारोपणाचा. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे त्याचा पहिला प्रयत्न केला. यश मात्र १९६७ साली लाभले. आपल्या देशात अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि यकृताचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीस झाले. आज ही शस्त्रक्रिया आपल्या पुण्यातही होते.

मग प्रत्येक कुटुंब एकच प्रश्न विचारते : आमचा माणूस यातून तरेल काय? या प्रश्नाचे थोडेबहुत उत्तर रक्तातील प्रथिने देतात.

येथील जलशुद्धीकरण केंद्राचे काम कसे चालले आहे, हे तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून जोखतात. यकृताचे काम तसेच रक्तावरून जोखावे लागते. अल्ब्युमिन हे प्रथिन केवळ यकृतच तयार करते. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारणतः साडेतीन ते पाच ग्रॅम असावे. ते घटले की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. पायांवर सूज येते, पोटात पाणी साठते. त्याचा निम्मा साठा संपण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून अल्ब्युमिन ही गेल्या काही आठवड्यांची साक्ष होय. रक्त गोठविणारी काही प्रथिने मात्र थोड्या तासांतच निम्मी होतात. ‘आयएनआर’ या तपासणीतून त्यांची साक्ष मिळते आणि ती ताजी असते.

या साक्षींतून वैद्यकाने एक अंक बसविला आहे. त्याचे नाव ‘मेल्ड’. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर यांवरून तो काढतात. अमेरिकेत २००२ सालापासून यकृत प्रथम कोणास द्यावे, हे ठरविताना तो वापरला जातो. पुढे त्यात सोडियमची भर पडली आणि अलीकडे अल्ब्युमिन व स्त्री-पुरुष भेद यांचीही. स्त्रियांचे स्नायू कमी असल्याने त्यांचे क्रिएटिनिन कमी दिसते आणि त्यामुळे त्यांचा आजारही आहे त्याहून सौम्य भासत असे. हा अन्याय दूर करण्यासाठी ही सुधारणा करावी लागली.

तथापि या अंकाची मर्यादा ध्यानी घ्यावी. नवे यकृत न मिळाल्यास पुढील तीन महिन्यांत रोगी दगावण्याचा संभव किती, एवढेच तो चांगले सांगतो. प्रत्यारोपणानंतर रोगी किती वर्षे जगेल, हे तो नीटसे सांगू शकत नाही. ते रोग्याचे वय, त्याची शक्ती, मिळालेल्या यकृताची प्रत आणि नंतरची निगा यांवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशीही आयएनआर १.६ किंवा अधिक, अथवा बिलिरुबिन १० किंवा अधिक राहिले, तर नवे यकृत नीट रुळलेले नाही, असे समजतात. यकृताच्या कर्करोगात अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन फार वाढलेले असेल, तर रोग उलटण्याची भीती अधिक. म्हणून आधी ते उतरविण्याचा प्रयत्न करतात.

येथे घरचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या काकांच्या रक्ततपासणीत अल्ब्युमिन २.६ आले होते. पायांची सूज आम्ही वयावर ढकलली आणि तो कागद कपाटात ठेवून दिला. दीड वर्षाने पोट फुगले, शुद्ध हरपली, तेव्हा तो बाहेर काढला. तोवर शस्त्रक्रिया सोसण्याची शक्ती त्यांच्या अंगी उरली नव्हती. रक्ताने साक्ष वेळेवर दिली होती. ऐकणारे आम्हीच कमी पडलो.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून बोलतो. जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन प्रत्यारोपण करता येते. दात्याचे यकृत पुन्हा वाढते. परंतु त्याच्या जिवासही थोडा, पण खरा धोका असतो. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक आहेत. उलट १९९५ ते २०२१ या काळात ज्यांना अवयव मिळाले, त्या पाचांमध्ये चार पुरुष होते. माता आणि पत्नी यांनी द्यावे, आणि त्या आजारी पडल्या म्हणजे घराने दैवाकडे बोट दाखवावे, हे आपल्या ज्ञातीस शोभणारे नाही.

म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. मधुमेह, जुनी कावीळ किंवा पायांवर सूज असेल, तर यकृताची तपासणी करून घ्यावी आणि तो कागद वैद्यांना दाखवावा. दुसरे, मरणोत्तर अवयवदानाची इच्छा आजच घरच्यांस सांगून ठेवावी. कारण त्या घटकेला अनुमती त्यांनाच द्यावी लागते. आपण येथे ज्ञाती म्हणून जमलो आहोत. पण यकृत जुळविताना रक्तगट पाहतात, ज्ञाती नव्हे. आपल्यापैकी कोणाचे प्राण उद्या कोणत्या अपरिचित घराच्या औदार्यावर अवलंबून राहतील, हे सांगता येत नाही. तेच औदार्य आपल्याही घरी असावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.