मुलांना बर्गी कसे सांगावेत?
(गणेशोत्सवातील कौटुंबिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहासावर बोलायला मंडळाने डिप्लोमावाला इंजिनिअर उभा केला आहे. रूळ किती मिलिमीटर सरकला एवढे मी सांगू शकतो. पण लहान मुलांना इतिहास सांगण्याची एक अडचण इथे खरगपूरला आपल्या सगळ्यांच्याच घरी आहे. तिच्यावर बोलायला पदवी लागत नाही.

महाराष्ट्रात कित्येक पिढ्या चौथीत शिवचरित्र शिकल्या, आपणही शिकलो. इथल्या आपल्या मुलांना ते घरी सांगावे लागते. आणि त्याच वयात, खरे तर त्याही आधी, त्यांच्या कानावर एक बंगाली अंगाई पडते. गावावर आलेल्या बर्गींची आणि न भरता येणाऱ्या साऱ्याची.

माझी मुलगी तिसरीत असताना जेवता जेवता म्हणाली, "बाबा, बर्गी म्हणजे आपणच का?" आई चटकन म्हणाली, "नाही गं बाळा, ते कोणी दुसरेच होते." आईचा हेतू चांगला होता. पण शाळेत शेजारच्या बाकावरची मुलगी खरे काय ते सांगणारच, आणि मग आजीची पुढची कुठलीच गोष्ट नातीला खरी वाटणार नाही. मी म्हटले, "हो, आपल्याकडचेच होते. इथल्या लोकांना त्यांनी फार त्रास दिला."

मग शब्दापासून सुरुवात केली. बर्गी म्हणजे आपला बारगीर. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. ऑफिसची जीप आणि आपली मोटारसायकल, एवढ्यावर तिला ते समजले.

नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चौथाईसाठी भास्करराम कोल्हटकरांना बंगालवर धाडले ते १७४२ मध्ये. नवाब होता अलीवर्दी खान. स्वाऱ्या १७५१च्या तहापर्यंत चालल्या. गावे लुटली, जाळली गेली. शेतकरी, विणकर घरे सोडून पळाले. त्याच काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीने हे 'महाराष्ट्र पुराणा'त लिहून ठेवले आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी धास्तीने खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच'. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि सुवर्णरेखा नदी ही हद्द. बालेश्वरला जाताना जळेश्वरजवळ आपली गाडी ती नदी ओलांडते. मुलांना तिथे खिडकीशी बसवा. पुस्तकातल्या नकाशापेक्षा ते बरे.

आठ वर्षांच्या मुलाला जाळपोळीचे, अत्याचारांचे तपशील नकोत. घर सोडून जावे लागले, एवढे पुरते. बदलीची ऑर्डर आल्यावर आपली मुले किती रडतात, हे आपण पाहतोच. मग ज्यांना रात्रीत निघावे लागले त्यांचे काय, हे ती स्वतःच विचारतात.

दुसरी अडचण काळाची. लहान मुलांना शिवाजी महाराज आणि बर्गी एकाच दिवशी झाल्यासारखे वाटतात. सनावळी घोकून ते सुटत नाही. मी व्हरांड्यातल्या फरशा घेतल्या. एक फरशी म्हणजे १० वर्षे. मुलगी एका फरशीतच संपली. आजोबा सातवर. आपली बंगाल नागपूर रेल्वे निघाली १८८७ साली, ती चौदाच्या आसपास. बर्गी अठ्ठावीसवर. तिथे फरशा संपल्या, पुढच्या अंगणात खडूने आखल्या. शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले, म्हणजे आणखी सहा फरशा पलीकडे. मुलगी चालत गेली, मोजत परत आली. अंतर पायांना कळले.

मग महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेले पत्र सांगितले. राज्याभिषेकाच्या सुमाराचे आहे. रयतेकडून जबरीने काही घेऊ नका, लागेल ते बाजारातून विकत आणा. दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरण जळेल. उंदरावर मुलगी खूष झाली. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "मग बर्गींनी हे पत्र वाचलंच नव्हतं का?"

मला विचाराल तर प्राथमिक वर्गात इतिहास इथपर्यंत आला की पुष्कळ झाले. महाराजांचा मोठेपणा तिला मी वेगळा सांगितला नाही, आणि बर्गींबद्दल मान खाली घालायलाही सांगितले नाही. मोजायची पट्टी महाराजांच्याच पत्रात होती, ती तिने उचलली.

आमच्या बंगाली मित्रांसाठी एक गोष्ट राहिली. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर मराठी घरातले, पण लिहिले बंगालीत. त्यांचे 'देशेर कथा' १९०४चे, पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली तीही १९०४ मध्येच. ज्या घरांत बर्गींची अंगाई म्हटली जात होती, त्याच घरांत ही कविताही वाचली गेली. मुलांना दोन्ही सांगावे. मोठ्यांना जमत नाही, पण मुलांना दोन गोष्टी एकदम सांभाळता येतात.

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता मंडपामागच्या फरशीवर मुलांसाठी हीच रांग आखायची आहे. आमच्या शेजारच्या काकीमांनी येऊन अंगाई म्हणायचे कबूल केले आहे. खडू मी आणतो.