‘परसों’ म्हणजे नेमके कधी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

दुकानात विक्रीसाठी माणूस नेमायचा म्हटले की आपण जाहिरात देतो : ‘पदवीधर पाहिजे, इंग्रजी उत्तम, स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य.’ नांदेडला शेतीपंपांचे दुकान आणि लातूरला त्याची शाखा चालवताना मीही वर्षानुवर्षे अशाच जाहिराती दिल्या. त्यातली एक नेमणूक मला महागात पडली. आज तिच्याविषयी बोलणार आहे.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जागेसाठी शेवटी दोघे उरले. एक वाणिज्य शाखेचा पदवीधर, चांगल्या गुणांचा, फडाफडा इंग्रजी बोलणारा. दुसरा देगलूरकडचा. बोलताना अडखळत होता, मराठीला तेलुगूचा हेल होता. अर्जात ‘अवगत भाषा’ या रकान्यात त्याने मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच लिहिले होते. मी पहिल्याला घेतले.

चार महिन्यांनी बिलोली भागातले एक जुने गिऱ्हाईक जळालेली पाणबुडी मोटार घेऊन आले. म्हणाले, ‘परसोंइच तो ले गया, जल गई.’ आमच्या पदवीधराने तत्परतेने बिलबुक काढले, दोन दिवसांपूर्वीची पाने उलटली आणि सगळ्यांसमोर सांगितले, ‘तुम्ही खोटे बोलता. परवा तुमच्या नावाचे बिलच नाही.’ वास्तविक बिल आठ महिन्यांपूर्वीचे होते आणि हमीची मुदत एक वर्षाची होती. आपल्याकडच्या दख्खनी बोलीत ‘परसों’ म्हणजे परवाच असे नसते. मागे केव्हातरी झालेली कुठलीही गोष्ट ‘परसों’ची असते. मी बाहेरून येईपर्यंत गिऱ्हाईक मोटार तशीच टाकून निघून गेले होते. नंतर मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पण दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. त्यांच्या शब्दावर खरेदी करणारी आसपासची गावेही हळूहळू तुटली.

आणि देगलूरचा तो मुलगा? वर्षभराने तो मला दुसऱ्या एका दुकानात दिसला. एकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी दख्खनीत आणि मालकाशी मराठीत बोलत होता. मी विचारले, ‘अरे, हे अर्जात का नाही लिहिलेस?’ तो म्हणाला, ‘साहेब, ती घरातली भाषा. ती कुठं लिहायची असते का?’

श्रोतेहो, हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. आपला मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सरकारदरबारी उर्दू, व्यापाऱ्याच्या वहीत मोडी, घरात मराठी, तेलुगू नाही तर कानडी. 1956 साली भाषावार राज्यरचना झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके इकडे आले, आदिलाबादमधला किनवट आला. देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग पलीकडे गेले. कागदावर रेषा ओढली गेली, पण बाजाराच्या वाटा तशाच राहिल्या. आजही पलीकडचा शेतकरी देगलूर-धर्माबादच्या बाजाराला येतो आणि उदगीरला कानडी ऐकू येते. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरबोली आहे, नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात पंजाबी आहे.

यात केवळ शब्दांचा प्रश्न असता तर पाठांतराने सुटला असता. खरी अडचण असते ती रीतीची. मराठी शेतकरी ‘बघू’ म्हणतो, तेलुगू ‘चूद्दाम’ म्हणतो, कानडी ‘नोडोण’ म्हणतो. तिन्हींचा शब्दार्थ एकच, आणि बहुतेक वेळा मतलबही एकच : ‘नको, पण तुमचे मन मोडायचे नाही.’ नवा मुलगा वहीत लिहितो, ‘गिऱ्हाईक तयार आहे.’ मग तो चार खेपा घालतो, पेट्रोल जाळतो आणि शेवटी वैतागून काहीतरी बोलून बसतो.

परदेशातही हेच आहे. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. परीक्षा देऊन जर्मन भाषेचा दाखला मिळवता येतो. मात्र विक्रीच्या कामाला तेवढे पुरत नाही. तिथले गिऱ्हाईक ‘नाही’ हे तोंडावर सांगते आणि त्यात अपमान नसतो. तिथे ‘बघू’च्या भाषेत वाढलेला आपला मुलगा खचून जातो. तिथे ‘तू’ आणि ‘आपण’ यांसाठी ‘डू’ आणि ‘झी’ असे वेगळे शब्द आहेत. समोरच्या वडीलधाऱ्याने सुचवल्याशिवाय ‘डू’वर येणे उद्धटपणाचे. दक्षिणेतल्या बव्हेरियात नमस्कार ‘ग्र्यूस गॉट’, उत्तरेतल्या हॅम्बुर्गमध्ये ‘मॉइन’. म्हणजे लातूर आणि नांदेड तिथेही आहेतच! घरात दोन आणि गल्लीत तिसरी भाषा सांभाळत वाढलेल्या मुलाला हे असे फरक लवकर उमगतात. आपण मात्र त्याला ते लपवायला शिकवतो.

त्या अनुभवानंतर मी माणूस निवडण्याची पद्धत बदलली. अर्जात ‘अवगत भाषा’ असे विचारत नाही. ‘आजीशी कोणत्या भाषेत बोलता? गल्लीत भांडण कोणत्या भाषेत होते?’ असे विचारतो. मग खऱ्या भाषा बाहेर येतात. त्यानंतर उमेदवाराला दोन तास दुकानात बसवतो. तो किती बोलतो याकडे मी फारसे पाहत नाही. गिऱ्हाईक बोलत असताना तो थांबतो का, ‘मामा’ कोणाला म्हणायचे आणि ‘साहेब’ कोणाला हे त्याला कळते का, गरज तीनची असताना पाचची मोटार गळ्यात मारतो का, एवढेच पाहतो. निवड झाल्यावर पहिला हंगामभर त्याला जुन्या माणसाबरोबर उधारीच्या वसुलीला पाठवतो. सोयाबीन निघाल्यावर पैसे मागायला जावे आणि नाते न तुटता परत यावे, यापेक्षा मोठी परीक्षा आमच्या धंद्यात नाही. आणि शेवटचे म्हणजे जास्तीच्या भाषेचे पैसे देतो. संगणक येणाऱ्याला आपण जास्त देतो, मग कानडी येणाऱ्याला का नाही?

माझ्या पदवीधर मुलाचे काय झाले, असे कोणी विचारील. तो वाईट नव्हता. चूक त्याला न शिकवता काउंटरवर उभे करणाऱ्याची, म्हणजे माझी होती. तो पुढे माझ्याकडेच राहिला. आज कोणी ‘परसों’ म्हणाले की तो आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो आणि विचारतो, ‘काका, तेव्हा शेतात काय उभं होतं?’ तूर उभी होती असे उत्तर आले की त्याला हंगाम कळतो, आणि बिल सापडते.

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण श्रोत्यांना एवढेच सांगतो : पुढच्या अर्जात तुमच्या घरातली भाषा पहिल्या ओळीत लिहा. आणि दुकानदार बंधूंनो, ती ओळ वाचायला तुम्हीही शिका.