चोवीस नॉबांसाठी



माझं काम सॉफ्टवेअरचं. पण आमचा प्रोग्राम ज्या उपकरणात चालतो, त्याचे प्लॅस्टिकचे भागही कुणीतरी घडवतं. ते जवळून पाहिलंय, म्हणून एक प्रस्ताव मांडते.

शाळेच्या प्रयोगशाळेत 12 सूक्ष्मदर्शक कपाटात पडून आहेत. भिंगं उत्तम आहेत. फोकसचे नॉब तुटलेत आणि आता ते बाजारात मिळत नाहीत. प्रत्येकी दोन, म्हणजे 24 नॉब हवेत.

एबीएससारखं थर्मोप्लॅस्टिक सुमारे 220 ते 250 अंश सेल्सिअसला वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. नग झटपट निघतो, पण साचाच लाखांत जातो. हजारो नग काढायचे असतील तरच ते परवडतं.

पॉलियुरेथेन रेझिनचं तसं नाही. पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव मिसळले की रासायनिक अभिक्रियेने घट्ट होतात. एका शाबूत नॉबवरून सिलिकॉनचा साचा काढला, की त्यातून साधारण वीस-पंचवीस नग मिळतात. आपलं काम तेवढ्यात भागतं.

उणिवाही सांगते. बिघडलेला नग पुन्हा वितळवता येत नाही. ओलावा लागला तर आत बुडबुडे धरतात. आयसोसायनेटची वाफ फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे हे काम मुलांच्या हाती न देता जाणकार कारखान्यातच करून घ्यावं.

बाईंनी आपल्याला कांद्याच्या पेशी याच सूक्ष्मदर्शकांतून दाखवल्या. मेळाव्याच्या शिल्लक निधीतून ते पुन्हा टेबलावर आणू या, एवढीच विनंती.