पायरी हलली की ताकद जाते कुठे?

तुम्ही अमरावतीचे असा नाहीतर अकोल्याचे, पोलीस भरतीची तयारी करणारा एखादा भाऊ किंवा ताई तुमच्या ओळखीत असणारच. हल्ली रील पाहून बरेच जण फोमच्या गादीवर किंवा बोसूवर, म्हणजे त्या अर्ध्या चेंडूवर, पायरीचा व्यायाम करतात. आधार हलता असला की व्यायाम जास्त भारी, असा समज. खरंच तसं आहे का?

पक्क्या पायरीवर मांडीचे आणि कमरेखालचे मोठे स्नायू पायरीला खाली दाबतात. त्याच जोराने आपण वर जातो. पायरी डगमगली की घोटा आत-बाहेर कलतो. तोल सांभाळायला सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. मी सॉफ्टवेअरवाला, माझ्या भाषेत सांगतो: बॅकग्राउंडची कामंच प्रोसेसर खातात, मुख्य ॲप स्लो होतं. पाय थरथरतात, थकवा येतो, पण ढकलायचा जोर कमी पडतो.

मग हे सगळं फुकट आहे का? नाही न बाप्पा! घोटा एकदा मुरगळला की पुन्हा मुरगळायचा धोका वाढतो; तोलाच्या सरावाने तो कमी होतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात रुतते. अशा ग्राउंडवर पळणाऱ्याला सावध घोटा हवाच.

हा क्रम आपल्या मातीत जुनाच आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये त्यांच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांबच घ्या: आधी जमिनीत पुरलेला खांब, पकड पक्की झाली की मग साखळीला टांगलेला, गरगर फिरणारा. उलटं कोणी शिकवत नाही.

भरतीत धावणं आणि गोळाफेक असते; दोन्हीला जोर लागतो. म्हणून वजन घेऊन पायरी चढायची ती पक्क्या पायरीवरच. तोलाचा सराव वेगळा, वजनाशिवाय, पाच-दहा मिनिटं. आधी जमिनीवर एका पायावर उभे रहा, मग डोळे मिटून, मग गादीवर. भिंत हाताशी असू द्या. घोटा सुजलेला असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.

तयारी करणाऱ्या दोस्ताला हा भाग नक्की पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात!