रोजनाम्यातली एक ओळ



"मावशी, तुम्ही कशाला हेलपाटा घालता? तारखेला मी आहे ना!" तालुक्याच्या कोर्टात हे वाक्य कितीदा कानांवर येतं. मावशी विश्वासाने घरी राहते. तिकडे पट्टेवाला पुकारा करतो, कोणीच उठत नाही. रोजनाम्यात ओळ पडते : वादी व वकील गैरहजर, दावा काढून टाकला. वाटणीचा दावा डिफॉल्टमध्ये जातो आणि मावशीला ते कळतं वर्षभराने, बांधावर भाऊबंदांपैकी कोणी हसत हसत सांगतं तेव्हा.

मग रागाने पहिला प्रश्न येतो : या वकिलाची सनद काढून घेता येईल का? येईल. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधलं कलम ३५ त्यासाठीच आहे. आपल्याकडच्या वकिलाविरुद्धची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. तिच्यात तथ्य दिसलं, तर ती ३ जणांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. ही समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ त्याची सनद निलंबित करू शकते किंवा त्याचं नाव पटावरूनच काढू शकते. १ वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं.

मात्र वकिलाची प्रत्येक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये साधी निष्काळजी आणि घोर हलगर्जी यांत फरक केला. तापाने फणफणलेल्या वकिलाची एखादी तारीख चुकणं वेगळं. फी घेऊन दावा दाखलच करायचा नाही आणि दोन वर्षं "चालू आहे" म्हणून सांगत राहायचं, हे वेगळं.

ग्राहक आयोगाचं दारही आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. याचा अर्थ बार कौन्सिलवरची जबाबदारी वाढली. समितीतले तिघेही वकीलच असतात. आपल्याच व्यवसायबंधूला कान धरून विचारायची त्यांची तयारी नसेल, तर पक्षकाराने जायचं कुठे?

आणखी एक गोष्ट रागाच्या भरात निसटते. वकिलाची सनद गेली, म्हणून मावशीचा दावा परत येत नाही. तो वेगळा रस्ता आहे आणि आधी तोच धरायचा. काढून टाकलेला दावा पुन्हा पटावर घेण्यासाठी ३० दिवसांत त्याच कोर्टात अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला असेल, तर सोबत विलंबमाफीचा अर्ज, कारणांसकट. १९८१ च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल खटल्यात वकील गैरहजर राहिल्याने फेटाळलेलं अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणीला पाठवलं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको, अशी न्यायालयाची भूमिका होती. पण अशी सवलत दर वेळी मिळेलच, या भरवशावर राहू नका.

वकील बदलायचा असेल आणि जुने वकील "आधी फी, मग फाइल" म्हणत असतील, तर एवढं ध्यानात ठेवा : थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे सांगितलं आहे. फीसाठी त्यांनी रीतसर वसुली करावी.

बहुतेक वकील पक्षकारासाठी इमानाने उभे राहतात. तरीही डोळे मिटून विश्वास टाकू नये. फीची पावती मागा. दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. दावा दाखल झाला की त्याचा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक लिहून घ्या. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपवर टाकला, की मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कोणती, ते दिसतं. स्वतःला जमत नसेल, तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा. आणि घरातल्या ज्या कॅलेंडरवर दूध, गॅस आणि भिशीची नोंद करता, त्याच्यावरच कोर्टाची तारीखही लिहून ठेवा.