घरातली ओल आणि कुबट वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी काहीतरी भारदस्त विषयावर बोलावे असा प्रघात आहे. मी मात्र आज घरातल्या ओलीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून पुढच्या रांगेत थोडे हसू उमटले. पण आपल्यापैकी बऱ्याचजणींची घरे तळमजल्यावरची, आणि तीही समुद्राजवळच्या गावातली. मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोठीच्या खोलीत पाऊल टाकताच कसा वास येतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. ट्रंकेतला शालू काढावा तर घडीवर पांढुरके ठिपके, कपाटामागची भिंत काळवंडलेली, पोथीची पाने फुगलेली. पाहुणे नाक मुरडतात आणि बोल लागतो तो घरातल्या बाईला, की हिचे घराकडे लक्ष नाही!

म्हणून पहिली गोष्ट ठासून सांगते. कुबट वास हा आळसाचा पुरावा नव्हे, तो पाण्याचा पुरावा आहे. हवेत बुरशीची बीजे सदैव असतात, तुमच्या घरात आणि माझ्याही. त्यांना धूळ, कागद, कापड, चामडे असे खाद्य आणि त्यावर ओल मिळाली की दोन दिवसांत ती रुजू लागतात. वाढताना जे वायू बाहेर टाकतात त्यांचा तो वास. तेव्हा वास घालवायला उदबत्ती लावली, ऊद जाळला किंवा हल्ली मिळतो तसला सुगंधी फवारा मारला, तर घटकाभर बरे वाटेल. पाणी जिथे आहे तिथेच राहील. वास झाकायचा नाही, त्याला विचारायचे, “बाबा रे, तुझे पाणी येते कुठून?”

पाणी घरात तीन वाटांनी येते: खालून, बाहेरून आणि हवेतून. तिघांचे औषध निरनिराळे आहे. एकाचे दुसऱ्याला दिले तर पैसा जातो आणि ओल राहते.

खालून येणारी ओल दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी जमिनीतून भिंतीत चढते. ती साधारणपणे कमरेपर्यंत येते, वर सहसा जात नाही. भिंतीवर पांढरा लोणा फुलतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांना उंच जोते आणि पुढे आलेली पाखे असत, ती काही शोभेसाठी नव्हेत. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात आणि पाणी जोत्याखालीच राहावे, हा त्यातला हेतू. आज आपण काय करतो? अंगणात भराव घालून फरशा बसवतो. रस्ता दर दोन-चार वर्षांनी वर चढतो. होता होता बाहेरची जमीन घरातल्या जमिनीच्या बरोबरीला येते, आणि ओल अडवण्यासाठी जोत्यात घातलेला थर मातीखाली गाडला जातो. मग भिंतीने पाणी प्यायचे नाही तर काय करायचे?

बाहेरून येणारी ओल म्हणजे गळती. तिचा डाग कुठेही असतो, छपराच्या कडेला, खिडकीच्या कोपऱ्यात, मोरीच्या पाठच्या भिंतीवर. इथे पंचांग कामाला येते. पावसाच्या झडीनंतर वाढणारा डाग छपराचा किंवा भिंतीच्या भेगेचा. भर वैशाखातही जो ओला राहतो, तो बहुधा नळाचा नाहीतर मोरीचा. माझ्या माहितीतल्या एका घरी एकाच भिंतीला तीन वर्षांत तीनदा रंग दिला. शेवटी शेजारच्या मोरीतला फुटका नळ बदलला, तेव्हा भिंत आपोआप वाळली.

तिसरी वाट हवेची, आणि तीच आपल्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यातल्या हवेत पाणी वाफेच्या रूपाने भरलेले असते. ३० अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते. २५ अंशांवर ती सुमारे २३ ग्रॅमच धरू शकते. म्हणजे ओथंबलेली गरम हवा थंड, अंधाऱ्या कोठीत शिरली की उरलेले पाणी ती भिंतीवर आणि ट्रंकेवर ठेवून देते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत हे पाणी पेलाभर होते, आणि हवा बदलली की पुन्हा पेलाभर! म्हणून “खिडक्या उघडा, ओल जाईल” हे दर वेळी खरे नसते. पाऊस कोसळत असताना कोठी बंद ठेवावी. उघडीप पडून ऊन आले की सताड उघडावी आणि पंखा लावावा.

शिवाय आपणही घरात पाणी सोडत असतो. धुतलेली साडी ओली असताना आणि वाळल्यावर काट्याला लावून पाहा. वजनातला फरक तेवढे पाणी खोलीच्या हवेत गेलेले असते. गॅसचेही तसेच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर पडते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे हे २१ लिटरांवर जाते! तेव्हा स्वयंपाक चालू असताना आणि आंघोळीनंतर मात्र खिडकी उघडीच हवी. कपडे आतल्या खोलीत न वाळवता पडवीत किंवा पंख्याखाली खिडकीशी वाळवावेत. दमट खोली वाळवायला शेगडी पेटवून दार लावून घेणे तर जिवावर बेतते. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

आता ओल कोणती हे ओळखायचे कसे? सोपी परीक्षा आहे. भिंत पुसून तिच्यावर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीत आहे. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ते हवेतले. दोन्हीकडे असतील तर दोन्ही औषधे करावीत.

भिंतीत पाणी असेल तर आधी बाहेर जाऊन पाहावे. पन्हळ तुंबली आहे का, पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडतात का, माती जोत्याच्या वर आली आहे का. चर खणून पाणी लांब न्यावे, भराव काढावा. हे होण्यापूर्वी ओल्या भिंतीला तेलाचा रंग किंवा सिमेंटचा गिलावा देऊ नये. जुनी चुन्या-मातीची भिंत श्वास घेते. तिचे तोंड दाबले की आतले पाणी आणखी वर चढते आणि रंगाचे फुगे येतात. पाणी तोडल्यावर भिंतीला महिनोन् महिने वाळू द्यावे. मग चुन्याचा हात द्यावा.

पाणी हवेतले असेल तर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, ट्रंका विटांवर ठेवाव्यात, गादी जमिनीवर ठेवू नये. मे महिन्यात पापडांबरोबर गाद्यांना आणि रेशमी वस्त्रांनाही ऊन दाखवावे. ज्यांना परवडेल त्यांनी ओल शोषणारे विजेचे यंत्र घ्यावे, पण ते खोली बंद करूनच चालवावे. बाजारात ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात, त्या कपाटापुरत्या. खोलीला त्या पुरत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते.

बुरशी आलीच तर कोरड्या झाडूने झटकू नये, बीजे घरभर उडतात. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने ओली पुसावी आणि जागा कोरडी करावी. दमेकऱ्याने हे काम करू नये. विरंजक द्रव वापरलात तर त्यात संडास धुण्याचे आम्ल किंवा दुसरे काहीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

भगिनींनो, आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तक काढले. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वासनलिकेचे विकार आणि दम्याचा त्रास अधिक होतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आता आपापल्या घरात मनाने फिरून या. सर्वांत कोरडी, उजेडाची खोली कोणाची? दिवाणखाना, पाहुण्यांचा. आणि सर्वांत दमट, अंधारी? कुठे बाळंतिणीची, कुठे म्हाताऱ्या सासूबाईंची, कुठे शाळकरी मुलाच्या अंथरुणाची. ज्यांची छाती नाजूक, त्यांनाच आपण ओलीत निजवतो! भिंत दुरुस्त व्हायला पैसा लागेल, घरमालकाची संमती लागेल, वेळही लागेल. बाळंतिणीची खाट दिवाणखान्यात हलवायला यांतले काही लागत नाही. ती आज संध्याकाळी हलवता येते. पाहुणे बसतील दोन महिने पडवीत!

राहिली एक सूचना. वैशाख संपण्यापूर्वी आपण चौघी-चौघींचे गट करून एकमेकींच्या घराला बाहेरून एक प्रदक्षिणा घालू या. आपल्या घराची पन्हळ आपल्याला दिसत नाही, शेजारणीला दिसते. मोरीचा नळ दोन घरांमधला असेल तर भांडणाऐवजी खर्च वाटून घेता येईल. आणि घरमालकाकडे किंवा सोसायटीकडे एकटीने तक्रार केली तर “बाई, पावसाळा आहे, चालायचेच” असे उत्तर मिळते. दहाजणींच्या सह्यांचा अर्ज, कोणत्या भिंतीला कुठून पाणी येते हे लिहून दिला, तर ते इतके सोपे राहत नाही.

आपले मंडळ अनेक वर्षे हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग चालवत आले आहे. त्यात या एका प्रदक्षिणेची भर पडावी, एवढे मागून मी आपली रजा घेते. मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, आणि येत्या श्रावणात आपल्या घराघरांत वास यावा तो पुरणाचा आणि प्राजक्ताचा.